क्लच दाबा आणि ऐका

चामोर्शीला रेल्वे नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेस्थानक पार उत्तरेला, वडसा-देसाईगंजला. त्यामुळे महाशिवरात्रीला मार्कंड्याला निघालेले यात्रेकरू असोत की धानाची पोती, सगळा भार काळी-पिवळी, बोलेरो आणि पिकअपच्या क्लचवर येतो. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक पुढे असले की दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा, असा गिअर बदलत राहावं लागतं. अशा गाडीतून एक दिवस घरघर ऐकू येते आणि मालकाच्या पोटात गोळा उठतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे कमाई बुडाली, वर मजुरी.

पण काहीही न उघडता आवाजाचं ठिकाण बरंचसं कळू शकतं. त्याचं हत्यार गाडीतच आहे, क्लचचं पेडल.

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवरून काढलेला. या वेळी इंजिन क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवतं आणि तो खालचा काउंटर शाफ्ट फिरवतो. आता पेडल पूर्ण दाबा. प्लेट सुटते, थोड्याच वेळात दोन्ही शाफ्ट थांबतात. घरघरही थांबली, तर दोष बहुधा त्यांच्या बेअरिंगमध्ये. उलट पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू झाली, तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. क्लचवर पाय टेकवूनच गाडी हाकायची सवय या बेअरिंगचा जीव लवकर घेते. त्यासाठी गिअरबॉक्स उतरलाच, तर क्लच प्लेटही तपासून घ्यावी; पुन्हा त्याच कामाची मजुरी भरणं परवडत नाही.

गिअरबॉक्सच्या रचनेतली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट चौथ्या गिअरची. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत तो बहुतेक वेळा थेट असतो. इनपुट शाफ्ट आणि चाकांकडे जोर नेणारा मेन शाफ्ट एकमेकांत जखडले जातात, काउंटर शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर ओझं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्यात रडणारी गाडी चौथ्यात शांत झाली, की काउंटर शाफ्टच्या बेअरिंगकडे बघायचं. एकाच गिअरमध्ये आवाज असेल, तर त्या गिअरचे दात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑल्टो-स्विफ्टला ही परीक्षा लागू पडत नाही.

गिअर टाकताना होणारी खर्रर्र वेगळी. दोन भागांचा वेग जुळवणारं सिंक्रोमेश 1928 साली कॅडिलॅकने आणलं. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने भारतात जोडलेल्या विलीज जीपच्या पहिल्या गिअरला मात्र ते नव्हतं. आजही बऱ्याच गाड्यांच्या रिव्हर्सला नसतं, आणि तेच निदानाला उपयोगी पडतं. उभ्या गाडीत क्लच दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खर्रर्र झाली, तर क्लच पुरता सुटत नाही. रिव्हर्स गुपचूप पडला आणि चालत्या गाडीत एखादाच गिअर खरखरतो, तर त्याच्या सिंक्रोमेशची पितळी रिंग झिजली. क्लच सोडताना खालून ठक्क वाजलं, तर आधी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हलवून पाहा. त्याचा दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो.

सगळ्यांत फसवा आवाज पावसाळ्यानंतरचा. वैनगंगा फुगते, नाल्यांचं पाणी रपट्यावरून वाहतं. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात अचानक थंड झाला, की ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, पाणी आत ओढतो. तेल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि घरघर सुरू होते ती काही आठवड्यांनी, ऐन धानाच्या हंगामात. म्हणून पाण्यातून काढलेली गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट जरासा सैल करावा. तळाशी साचलेलं पाणी तेलाच्या आधी बाहेर येतं. ते दिसलं, तर त्याच दिवशी तेल बदलायचं.