दर एकदाच लिहा: शीटमधला बदल वेबसाइटपर्यंत आपोआप कसा न्यायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत शीटमधली दरयादी गिटहबवर आपोआप कशी जाते, ते स्क्रीनवर करून दाखवलंय. पण कुठलं बटण कुठे आहे एवढं कळून भागत नाही. काय जोडायचं, काय अजिबात जोडायचं नाही आणि यंत्राने कुठे थांबायचं, हे आधी ठरलं पाहिजे. ते इथे सविस्तर बघू.

समजा, वारज्यात गणपती माथ्याजवळ तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असे ४० प्रकार, प्रत्येकाची ३ वजनं. म्हणजे १२० दर. मार्केट यार्डात मिरची महागली की तुम्हाला दर वाढवावाच लागतो. शीटमध्ये तो लगेच बदलता. वेबसाइटवर मात्र ‘रात्री करू’ म्हणून राहून जातं. पाव किलोचा दर १८० वरून २१० केला, वेबसाइटवर चार दिवस १८०च राहिला आणि तेवढ्यात ३० ऑर्डरी आल्या, तर ९०० रुपये गेले.

९०० रुपये एक वेळ सोसता येतील. पण वेबसाइटवर एक दर आणि फोनवर दुसरा, असं दोनदा झालं की ग्राहक तिसऱ्या वेळी आधी फोन करून विचारतो. मग वेबसाइट केली कशाला?

आधी कीर्द, मग खतावणी

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांकडे कॉम्प्युटर नव्हता, पण हा प्रश्न त्यांनी सोडवला होता. व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद. तिथून ती खतावणीत चढवायची. खतावणीत कधी कुणी परभारे आकडा लिहीत नसे. आणि चूक झाली तर खाडाखोड न करता उलट नोंद टाकायची, म्हणजे काय चुकलं आणि कधी सुधारलं, दोन्ही दिसतं.

डेटा सिंक म्हणजे हेच. तुमची शीट किंवा डेटाबेस ही कीर्द. वेबसाइट, कॅटलॉग, छापील दरपत्रक या सगळ्या खतावण्या. दर फक्त कीर्दीत बदलायचा, बाकी ठिकाणी तो चढवायचं काम यंत्राचं. आज वेबसाइटवर दुरुस्त केला, उद्या शीटमध्ये, असं चाललं तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही. कारण खरा दर कोणता, हे तुम्हीच ठरवलेलं नाही.

गिटहब आपल्या काय कामाचं?

‘गिट’ हे फायलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन. लिनस टॉरवाल्ड्सने ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केलं. गिट वापरून कोड ठेवायची आणि मिळून काम करायची ऑनलाइन जागा म्हणजे ‘गिटहब’. ती २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. तुमची वेबसाइट एखाद्या डेव्हलपरने करून दिली असेल, तर तिचा कोड बहुतेक तिथेच असेल. विचारून घ्या.

गिटहबमध्ये ‘अ‍ॅक्शन्स’ नावाची सोय २०१९ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. ‘रोज सकाळी अमुक काम कर’ असं एका फाइलमध्ये लिहून ठेवलं की गिटहब ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर करतं. तुमचा लॅपटॉप बंद असला तरी चालतं.

स्वयंसेवकांनी देशभर चालवलेलं उदाहरण

हे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम आहे असं वाटत असेल, तर कोविडचा काळ आठवा. मार्च २०२० पासून ‘कोविड१९इंडिया’ नावाची साइट आपण सगळेच उघडून बघत होतो. ती सरकारी नव्हती, स्वयंसेवकांची होती. स्वयंसेवक राज्यांची बुलेटिन्स वाचून आकडे गूगल शीटमध्ये भरायचे. प्रोग्रॅम ती शीट वाचून नीट मांडलेल्या फायली करून गिटहबवर ठेवायचे. साइट त्याच फायली वाचायची आणि इतर कुणालाही त्या वापरता यायच्या. ३१ ऑक्टोबर २०२१ला हे काम थांबलं, तोपर्यंत गाडा याच मार्गाने चालला.

त्यातली एक गोष्ट आपल्या धंद्यासाठी फार मोलाची आहे. १६ जून २०२०ला महाराष्ट्राने जुन्या नोंदींचा ताळमेळ घालून आधी राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकदम आकडेवारीत घेतले. त्यातले ८६२ मुंबईतले होते. नुसता आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं, टायपिंगची चूक आहे. पण ती चूक नव्हती. असा आकडा यंत्राने आपणहून खोडला तर घोटाळा, आणि न विचारता पुढे ढकलला तरी घोटाळा होऊ शकतो. यंत्राने थांबून विचारायचं आणि माणसाने बुलेटिन उघडून ठरवायचं, हाच मार्ग.

आपल्या धंद्यात कसं मांडायचं?

१. प्रत्येक मालाला कोड द्या. ‘कांदा-लसूण’, ‘कांदा लसूण’ आणि ‘का.ल. मसाला’ हे तुम्हाला एकच वाटतं, यंत्राला तीन वेगळे माल वाटतात. नाव बदलू शकतं, कोड बदलायचा नाही. बंद केलेल्या मालाचा कोड नव्या मालाला द्यायचा नाही.

२. दरयादीची शीट वेगळी फाइल करा. तिच्यात चारच रकाने: कोड, नाव, वजन, दर. ऑर्डरी, उधारी, ग्राहकांचे नंबर यांची फाइल वेगळी. एकाच फाइलमधले दोन टॅब नकोत, दोन फायलीच करा.

३. वाचण्याची वाट द्या. गूगल शीटमध्ये ‘वेबवर प्रकाशित करा’ ही सोय आहे. तिथून फक्त दरयादीची सीएसव्ही लिंक मिळते. ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला यादी वाचता येते, म्हणून खरेदीचा भाव किंवा नफ्याचा रकाना तिथे ठेवू नका.

४. वेळ ठरवा. गिटहबचं घड्याळ मुळात यूटीसीवर चालतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी ६ वाजून ७ मिनिटांनी काम हवं असेल तर तिथे ० तास ३७ मिनिटं लिहायचं. बरोबर ६ किंवा ७चा ठोका टाळा. तासाच्या सुरुवातीला गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होऊ शकतं. मिनिटाला मिनिट अचूक अशी हमी या सोयीत नाही.

५. बदल असेल तरच नोंद करा. नवी यादी जुन्यासारखीच असेल तर काही करू नको, असं सांगून ठेवा. म्हणजे इतिहासात फक्त खरे दरबदल राहतील. ‘दिवाळीत तुम्ही १८०ला दिलं होतं’ असं कुणी म्हणालं, तर दोन मिनिटांत तारखेसह दर सापडेल.

काही जण विचारतील, वेबसाइटलाच सरळ शीट वाचू दिली तर? देता येते. पण मग तुम्ही २१०च्या जागी २१ टाइप केलंत, की ते थोड्याच वेळात ग्राहकासमोर. मध्ये तपासणीचं नाकं हवं, म्हणून हा वळसा.

तपासणीचं नाकं

चार नियम पुरेत. दर रिकामा किंवा शून्य असेल तर थांब. एकच कोड आणि वजन दोनदा आलं तर थांब. कालच्या यादीपेक्षा दहाहून जास्त ओळी कमी झाल्या तर थांब. कुठलाही दर एका दिवसात ३० टक्क्यांहून जास्त हलला तर थांब. १० आणि ३० हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या मालाप्रमाणे ठरवा.

थांबलं म्हणजे काय होतं? वेबसाइटवर कालचा दर तसाच राहतो आणि काम अडलं अशी ईमेल येते. तुम्ही शीट उघडून बघायचं. चूक असेल तर सुधारा, बदल खराच असेल तर हाताने मंजुरी द्या. एक दिवस जुना दर राहिलेला बरा, पण २१ रुपयांचा मसाला नको.

या चुका टाळा

*दोन्ही बाजूंनी सिंक.* एका रकान्याचा मालक एकच. दराची मालक शीट, तर वेबसाइटवरून दर कधीच शीटमध्ये परत यायचा नाही.

*पासवर्ड कोडमध्ये लिहिणं.* पुढे शीट सोडून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस घेतलात तरी मांडणी हीच राहते, फक्त तिथे पासवर्ड लागतो. तो गिटहबच्या ‘सीक्रेट्स’ या कप्प्यात ठेवा. शिवाय सिंकसाठी फक्त वाचण्याची परवानगी असलेला वेगळा युजर करा. चुकून पासवर्ड कोडमध्ये गेलाच, तर ओळ पुसून उपयोग नाही, कारण इतिहासात तो राहतोच. लगेच पासवर्ड बदला.

*ग्राहकांची माहिती गिटहबवर नेणं.* नाव, मोबाइल, पत्ता यातलं काहीही नको. न विसरणं हा गिटचा गुण इथे अडचणीचा ठरतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याला एवढा होईल की नाही हा प्रश्नच नाही. ताईंनी भाजणीसाठी दिलेला नंबर भाजणीपुरताच वापरायचा.

*दुकान गिटहब पेजेसवर चालवणं.* गिटहबची ही मोफत होस्टिंगची सोय ऑनलाइन व्यवसाय चालवण्यासाठी नाही, असं तिच्या अटींतच लिहिलंय. कोड आणि दरयादी गिटहबवर ठेवा, वेबसाइट मात्र दुसऱ्या होस्टिंगवरून दाखवा. गिटहबवर बदल झाला की साइट आपोआप ताजी करणाऱ्या सेवा आहेत. व्यवसायाला चालेल ना, हे त्यांच्याही अटींत वाचून घ्या.

खर्च किती?

खाजगी रिपॉझिटरीला मोफत प्लॅनवर महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. आपलं काम एका मिनिटाचं धरू. रोज एकदा चालवलं तर महिन्याला ३० मिनिटं. तासाला एकदा, तर ७२०. दर पंधरा मिनिटांनी चालवलं तर २,८८०, म्हणजे मोफत हद्द ओलांडली. मसाल्याचा दर पंधरा मिनिटांनी बदलत नाही, त्यामुळे रोज एकदा भरपूर झालं.

उभारणीसाठी जाणकार मदतनीस लागेल. शेजारी कर्वेनगरला कमिन्ससारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आपल्या सोसायटीतही कुणाची ना कुणाची मुलगी कॉम्प्युटर शिकत असेल. काम करून घ्या, मोबदला द्या, पण गिटहबचं खातं तुमच्या ईमेलवरच उघडा. धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात नको.

आणि हो, तुमच्याकडे दहाच वस्तू असतील आणि दर वर्षातून दोनदा बदलत असतील, तर हे काहीही करू नका. हाताने बदला. रोज तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागत असेल, तिथेच यंत्र बसवायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

कॉम्प्युटर उघडायचीही गरज नाही. एका कागदावर तुमचे दर कुठे कुठे लिहिलेत ते मांडा: शीट, वही, व्हॉट्सअ‍ॅप, वेबसाइट, दुकानातली पाटी. मग त्यातल्या एकापुढे ‘कीर्द’ असं लिहा. तुमच्या यादीत किती जागा निघाल्या, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या भागात हीच मांडणी स्टॉकसाठी कशी वापरायची, ते बघू.