चर्चा कुठे थांबते?

मालवण तालुक्यातल्या आचरा गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल मिळाला की ठरल्या दिवशी माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री सारी वेशीबाहेर जातात आणि झोपड्या बांधून तीन दिवस, तीन रात्री राहतात. हिंदू जातात, मुसलमानही जातात. या प्रथेवर श्रद्धा की अंधश्रद्धा असा वाद होत असतो. मला प्रश्न पडतो तो निराळाच : एवढे मोठे गाव एका दिवशी एक काम करते कसे?

तो पडला आमच्या वाडीतल्या वाचनालयामुळे. छपराची कौले फुटली होती. दोन पावसाळे बैठका झाल्या. कौले की पत्रा, वर्गणी की सरकारी निधी, यावर सगळे पोटतिडकीने बोलत आणि शेवटी कुणीतरी म्हणे, "बगूया मगे." तोवर जुन्या दिवाळी अंकांचा लगदा झाला. आस्था होती, बोलणेही होते. बोलणे संपवण्याची रीत तेवढी नव्हती.

कौलाची रीत पाहा. पाषाणाला लावलेली पाकळी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. म्हणजे देवापुढे चर्चा नेता येत नाही. हो किंवा नाही एवढेच उत्तर येईल असा एकच प्रश्न न्यावा लागतो. कौल झाला की तो प्रश्न मिटतो. उरते ते काम. कधी निघायचे, कुठवर जायचे हे ठाऊक असते. गावात परतायलाही पुन्हा कौल लागतो.

पण देवाचा धाक नसेल तिथे काय? गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येतात, हवा तेवढा वाद घालतात. मात्र तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. ही रीत संथ आहे, पण ठरल्यावर पाय ओढणारा कुणी उरत नाही. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली.

दोन्हीकडे बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी आहे. फरक इतकाच, की कौलापुढे 'मला पटत नाही' म्हणायला वाव नसतो, मेंढ्यात असतो. म्हणून मला दुसरी रीत जवळची वाटते.

आम्ही दोन संध्याकाळी ठेवल्या. पहिल्या दिवशी नुसते बोलणे. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न : मिरगाआधी कौलेच चढवायची का? पत्र्याचा हट्ट धरणारे एक काका म्हणाले, "वासे कुजलेत, ते बदलणार असाल तर माझी हरकत नाही." त्यांचे बरोबर होते, दोन पावसाळ्यांत ते कुणी विचारलेच नव्हते. वासे कोण आणणार, कौले कोण उतरवणार, रविवार कुठला, हे तिथेच नावानिशी लिहिले.

मिरगाआधी छप्पर झाले. भिजलेले अंक मात्र गेले ते गेलेच.