दीर्घायुष्य कशासाठीं?

थोरांच्या पायां पडतांच 'शतायुषी हो' हा आशीर्वाद आपल्या घरोघर कानीं पडतो. देणारा तो मनापासून देतो व घेणाराही आनंदानें घेतो. पण शंभर नव्हे, दोन हजारांहून अधिक वर्षें खरोखरीच लाभलीं, तर माणूस सुखी होईल काय? या प्रश्नावर रचलेली एक अमेरिकन कादंबरी आमच्या वाचनांत आली. तिचा परिचय वाचकांस करून द्यावा, अशा हेतूनें हा लेख लिहीत आहों.

कादंबरीचें नांव 'टाइम इनफ फॉर लव्ह'. ती १९७३ सालीं प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते रॉबर्ट हाइनलाइन (१९०७–१९८८) हे मूळचे आरमारी अधिकारी. क्षयाच्या विकारामुळें १९३४ सालीं त्यांस ती नोकरी सोडावी लागली, व पुढें विज्ञानकथालेखक म्हणून त्यांनीं मोठें नांव मिळविलें. या कादंबरीचा नायक लॅझरस लाँग हा त्यांच्या १९४१ सालच्या एका कथेंत प्रथम अवतरला होता. एक धनिक अकालीं जराग्रस्त होऊन मरतो व आपली संपत्ति मनुष्याचें आयुष्य वाढविण्याच्या कामीं ठेवून जातो, अशी मूळ कल्पना आहे. विश्वस्त मंडळी उपाय काढतात तो मोठा मौजेचा. ज्यांचे चारही आजी-आजोबा हयात आहेत, अशा तरुण-तरुणींचे विवाह ते द्रव्यसाहाय्य देऊन जुळवितात! आपल्याकडे गोत्र आणि पत्रिका पाहतात, तेथें आजोबांचें वय पाहतात, एवढाच काय तो फरक. या वंशांत १९१२ सालीं जन्मलेला लॅझरस दोन सहस्र वर्षांनंतरही जिवंत आहे.

पण कथेच्या आरंभीं हा पुराणपुरुष एका दूरच्या ग्रहावरील दरिद्री मुसाफिरखान्यांत मरणाची वाट पाहत पडलेला आढळतो. त्याचा वंशज व तेथील प्रमुख अधिकारी आयरा वेदरॉल त्याला उचलून आणतो व बळेंच कायाकल्पाचे उपचार सुरू करतो. म्हातारा संतापतो. सर्व धंदे करून झाले, सर्व देश पाहून झाले. आतां नवें असें उरलें काय, हें त्याचें दुःख. अखेर दोघांत करार होतो. आयरानें स्वतः रोज येऊन त्याच्या गोष्टी ऐकाव्या व त्यानें कधींही न केलेलें असें एखादें काम शोधून काढावें. तोंवर म्हाताऱ्यानें जगावें.

या गोष्टींपैकीं डोराची गोष्ट आम्हांस सर्वांत हृद्य वाटली. एका नव्या वसाहतींत जळत्या घरांतून लॅझरस एका लहान मुलीस वांचवितो. तिचे आईबाप आगींत जातात. एक शिक्षिका तिला वाढविते. मोठी झाल्यावर ती त्यालाच वरते. तिचें आयुष्य चारचौघांसारखें, त्याचें अमर्याद, हें दोघांनाही ठाऊक असतें. दोघें डोंगर ओलांडून निर्जन खोऱ्यांत जातात, घर बांधतात, जमीन कसतात, मुलाबाळांनीं अंगण भरतें. मग डोरा म्हातारी होते व मरते. तो मागें उरतो.

सत्यवानाचें आयुष्य वर्षाचेंच आहे, हें नारदमुनींकडून कळल्यावरही सावित्रीनें आपली निवड बदलली नाहीं. लॅझरसनेंही जाणूनबुजूनच अल्पायुषी सहचरी पत्करली. मात्र त्याच्या जगांत वर देणारा यम नाहीं. तरीही त्या थोड्या वर्षांसाठीं त्यानें पुढील अनेक शतकांचा विरह पत्करला, यांतच त्याचा मोठेपणा आहे.

ग्रंथ निर्दोष आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तो अतिशय विस्तृत असून कित्येक ठिकाणीं नुसता उपदेश माजला आहे. रक्ताच्या नात्यांतील संबंधांविषयीं, विशेषतः नायक १९१६ सालांत परत जातो त्या भागांत, लेखकानें जें स्वातंत्र्य घेतलें आहे, तें आम्हांस मुळींच रुचलें नाहीं. म्हणून वडील मंडळींनीं आधीं स्वतः वाचून मगच पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें.

शास्त्राची प्रगति जोरांत आहे. फ्रान्समधील झान काल्माँ या बाई १२२ वर्षें जगून १९९७ सालीं वारल्या, व हें पुराव्यानें सिद्ध झालेलें सर्वांत दीर्घ आयुष्य होय. औषधें पुढेंही वाढतील आणि वर्षेंही वाढतील. पण त्या कराराकडे पाहावें. लॅझरसला उपचारांनीं देह मिळाला. जगण्याची इच्छा परतूं लागली ती कोणीतरी रोज जवळ येऊन बसूं लागल्यावर. आपल्या घरांतही ओटीवर एखादे आजोबा असतात. त्यांच्या औषधाची वेळ चुकत नाहीं, दूध ऊन मिळतें, अंथरूण स्वच्छ असतें. पण तीच जुनी गोष्ट ते पुन्हां सांगूं लागले म्हणजे आपण घड्याळाकडे पाहतों. त्यांस शतायुषी करण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं नाहीं. मात्र जवळ बसून 'मग पुढें काय झालें?' असें विचारणें आपल्याला आजही शक्य आहे.