अल्कोहोलचे नामकरण व वर्गीकरण : ब्युटिल अल्कोहोलच्या संदर्भात

अल्कोहोलचे नाव व त्याचा वर्ग या भिन्न बाबी असूनही अध्यापनात त्यांची गल्लत वारंवार आढळते. चार कार्बनयुक्त संतृप्त अल्कोहोलचे चार संरचना समघटक या दृष्टीने उद्बोधक ठरतात. आय.यू.पी.ए.सी. पद्धतीत मुख्य शृंखलेवरील हायड्रॉक्सिल गटास लघुतम क्रमांक दिला जातो. वर्ग मात्र त्या क्रमांकावरून ठरत नाही. हायड्रॉक्सिलधारक कार्बनला आणखी किती कार्बन जोडलेले आहेत, एवढेच पाहावयाचे असते. ब्युटॅन-१-ऑल प्राथमिक व ब्युटॅन-२-ऑल द्वितीयक, हा मेळ निव्वळ योगायोग होय आणि विद्यार्थी नेमका येथेच फसतो. २-मेथिलप्रोपॅन-२-ऑल तृतीयक आहे, तर शाखायुक्त २-मेथिलप्रोपॅन-१-ऑल प्राथमिकच. बाटल्यांवरील 'आयसोब्युटिल', 'टर्शरी ब्युटिल' ही रूढ नावे या गोंधळात भर घालतात, यद्यपि दुसऱ्या नावात वर्ग स्पष्ट सांगितलेला असतो.

वर्ग चुकला की अभिक्रियेचे भाकीतही चुकते. आम्लयुक्त डायक्रोमेटने ब्युटॅन-२-ऑलपासून ब्युटॅनोन मिळते. तृतीयक समघटकाचे तसे ऑक्सिडीकरण सहजासहजी होत नाही. ल्युकास चाचणीत मात्र हाच समघटक तत्काळ गढूळपणा देतो, द्वितीयकास काही मिनिटे लागतात, तर प्राथमिक समघटक सामान्य तापमानास स्वच्छच राहतात.