निदानाची पहिली पायरी

मृगाचे ढग दाटून आले होते आणि खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात भाताची पेरणी खोळंबली होती. वडिलांच्या काळातील डिझेल ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. स्टार्टरने इंजिन फिरे. पण धुराड्यातून धुराचा लवलेशही नाही. म्हणजे इंधन पोचत नव्हते. येथवर निदान अचूक होते. पुढे मात्र आत्मविश्वास नडला. इंधनपंपच निकामी ठरवून मी नळ्या सोडवल्या आणि अखेरीस मिस्त्रींना पाचारण केले.

त्यांनी एकवार पाहिले आणि इंजिन बंद करण्याची, बाहेर ओढलेली दांडी आत ढकलली. ती बाहेर असेपर्यंत पंपातून डिझेल पुढे जातच नाही. आदल्या सायंकाळी ती मीच ओढली होती!

"डॉक्टरसाहेब, रोग नव्हताच," ते हसून म्हणाले. "आता तुमच्या उपचाराने नळ्यांत शिरलेली हवा तेवढी काढतो."

त्यात तासभर गेला. पाऊस काही थांबला नाही. निम्मे शेत पेरणीविना राहिले.

टाकी, तोटी, दांडी हा क्रम आता मला पाठ आहे. दुसऱ्याच दिवशी ऐकू येत नसल्याची तक्रार घेऊन एक आजोबा आले. श्रवणचाचणीची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी त्यांच्या कानात डोकावलो. मळ होता.