पतपेढीच्या पाठीशीं कोण?

कुर्ल्यासारख्या उपनगरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबास लग्नकार्य, मुलांचें शिक्षण किंवा दीर्घ दुखणें यांपैकीं कांहीं उद्भवलें कीं प्रथम आठवते ती पतपेढी. 1886 सालीं जमशेटजी टाटा यांनीं कुर्ल्याची धरमसी गिरणी विकत घेऊन तिची ‘स्वदेशी’ केली. अशा गिरण्यांभोंवतीं पगारावर जगणाऱ्यांची वस्ती वाढली. पगार महिन्याचा आणि गरज आजची. हें अंतर सावकार भरून काढी व त्याचें व्याज घर पोखरीत असे. सभासदांच्या ठेवींतून सभासदांसच माफक व्याजानें कर्ज देणारी पेढी हें त्यावरील उत्तर होय. परंतु एकटी पेढी दुबळी असते. तिच्या पाठीशीं उभ्या असणाऱ्या संघांचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो.

आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 सालीं झाला. 1906 सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं मुंबईत शामराव विठ्ठल पेढी काढली ती त्याच कायद्याखालीं. मात्र संस्थांच्या संघास त्यांत स्थान नव्हतें. तें 1912 च्या कायद्यानें दिलें. पुढें 1918 सालीं मुंबईत मध्यवर्ती सहकारी इन्स्टिट्यूट निघाली. आजचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ हा तिचाच वारस आहे.

संघाचें काम दुहेरी असतें. पहिलें शिक्षणाचें. लहान पेढीचा चिटणीस बहुधा दिवसभर नोकरी करून संध्याकाळीं वह्या उघडणारा गृहस्थ. नव्या परिपत्रकाचा अर्थ काय, उपविधी कसे दुरुस्त करावे, थकबाकी कशी वसूल करावी, हें त्यास कोणी तरी शिकवावें लागतें. दुसरें काम वकिलीचें. एका पेढीचा अर्ज दप्तरांत पडून राहतो. अनेक पेढ्यांच्या वतीनें आलेलें निवेदन सरकारास वाचावें लागतें. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचें 49 वें कलम पाहा. सभासदानें तसें लिहून दिल्यास मालकानें त्याच्या पगारांतून हप्ता कापून पेढीकडे भरावा, असें तें सांगतें. पगारदारांच्या पेढ्यांचा मोठा आधार हें एक कलम आहे. अशीं कलमें राखण्यास कोणी तरी सदैव जागें असावें लागतें.

अमेरिकेचें उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटतें. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांनीं 1907 सालीं हिंदुस्थानांतील सहकारी पतसंस्था पाहिल्या. 1909 सालीं त्यांच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत तसा कायदा झाला. 1921 पासून त्यांच्या पैशानें चालणाऱ्या कचेरीनें प्रांतोप्रांतीं असे कायदे करविले. 1934 सालीं सर्व देशाचा कायदा व पेढ्यांचा राष्ट्रीय संघ, दोन्ही झालीं. 1970 सालीं ठेवींस विम्याचें संरक्षणही मिळालें.

येथेंच आमच्या प्रश्नाचें मर्म आहे. सप्टेंबर 2019 मध्यें भांडुपच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले; आरंभीं खातेदारास अवघे 1,000 रुपये काढतां येत होते. पुढील फेब्रुवारींत बँकांतील ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पांच लाखांवर नेण्यांत आली. परंतु हा विमा बँकांपुरता आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें कवच नाहीं. पेढ्यांस करांत सवलत मिळावी म्हणून संघानें भांडणें योग्यच. पण ठेवीदाराच्या संरक्षणासाठींही त्यानें तितक्याच जोरानें भांडलें पाहिजे. चालकांचा तेवढा वकील तो खरा संघ नव्हे.

पुष्कळ घरांत पेढीच्या वार्षिक सभेची नोटीस रद्दींत जाते. यंदा ती बाजूस ठेवावी, सभेस जावें आणि तीन प्रश्न विचारावे: लेखापरीक्षणांत आपल्या पेढीस कोणता वर्ग मिळाला? आपले संचालक व चिटणीस संघाच्या शिक्षणवर्गास गेले होते काय? आणि आपला संघ ठेवीदारांसाठीं काय मागत आहे? सभासद विचारूं लागले म्हणजे पेढी सावध होते. आणि पेढ्या विचारूं लागल्या म्हणजे संघही.