कुलूप एक, किल्ल्या तीन

कराडलगतच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. डायनाबोलची स्टेरॉइड गोळी अमेरिकेत बाजारात आली ती १९५८ साली. आता तालमीइतक्याच जिम आहेत आणि ‘श्री’ किताबाच्या स्पर्धा जवळ आल्या की तिथे ‘स्टॅक’ हा शब्द ऐकू येतो. टेस्टोस्टेरॉन आणि नॅन्ड्रोलोन (म्हणजे ‘डेका’) यांची इंजेक्शने, वर स्टॅनोझोलॉलची गोळी, असे दोन-तीन स्टेरॉइड एकत्र घेणे म्हणजे स्टॅक. प्रत्येक औषध थोडे थोडे घेतले की फायदा जास्त, त्रास कमी, असा त्यामागचा हिशेब.

हिशेब जवळपास उलटा आहे. स्नायूच्या पेशीत ही सगळी औषधे मुख्यतः अँड्रोजेन रिसेप्टर या एकाच कुलपाला लागतात. अपाय मात्र ज्याचा त्याचा वेगळा, आणि ते एकमेकांत मिळतात. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो. अंगात पाणी साठते, पुरुषाची स्तने वाढू लागतात. नॅन्ड्रोलोन काहीसे प्रोजेस्टेरॉनसारखेही वागते. मग स्तनांसाठी टॅमॉक्सिफेन, स्पर्धेआधी पाणी उतरवायला लघवीच्या गोळ्या. त्यांनी पोटॅशियम बिघडले तर हृदयाचा ठोकाच चुकतो.

गोळीची गोष्ट निराळी. यकृताने ती लगेच मोडू नये म्हणून तिच्या रेणूत बदल केलेला असतो, आणि तोच यकृताला बाधतो. दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर भार दुप्पट. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वेटलिफ्टरांना रोज ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉल दिले, तेव्हा चांगले कोलेस्टेरॉल (एचडीएल) ३३ टक्के घटले. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने ९ टक्के. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवून रक्त घट्ट करते. एकाने रक्तवाहिनी खराब करायची, दुसऱ्याने त्यातून घट्ट रक्त ढकलायला लावायचे, हृदय तेच. २०१७ साली १४० वेटलिफ्टरांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत हृदयाची पंपिंगची क्षमता स्टेरॉइड न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के होती, घेणाऱ्यांत ५२.

आणि मेंदू. बाहेरून आलेला हार्मोन टेस्टोस्टेरॉनचा की डेकाचा, हे तो पाहत नाही. पुरेसा आहे असे समजून तो वृषणांना आदेश देणेच थांबवतो. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. डेका तेलातले इंजेक्शन. शेवटचा डोस घेतल्यावरही आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. वृषणांचे काम पूर्ववत व्हायला कित्येक महिने, काहींना वर्षाहून अधिक लागते. मधल्या काळात अंगात जोर नसतो, मन खचते, आणि बरे वाटावे म्हणून पुढचा कोर्स सुरू होतो.

भरतीची किंवा स्पर्धेची तयारी करणाऱ्या पोराने काय काय घेतले ते डॉक्टरांना नावानिशी सांगावे. हिमोग्लोबिन, लिपिड, यकृताची तपासणी, टू-डी इको यांतून बरेच कळते. लग्नानंतर मूल होत नसेल तर आधी बायकोच्याच तपासण्या होतात. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी आणि जिमविषयी तेव्हाच विचारावे.